खालची मूठ

१

सकाळी आठ वाजता शेडचं दार उघडलं की मी आधी तिकोनी कानस उचलते. मोठ्या करवतीचे दात रोज घासावे लागतात. प्रत्येक दाताला तीन हात, एक कमी नाही की एक जास्त नाही. तोवर माझा धाकटा भाऊ ओंडक्याखालच्या पाचरी ठोकून बघतो, शिडी खड्ड्यात सोडतो आणि तोंडाला फडकं बांधतो. साडेआठला काम सुरू. तीस वर्षं हेच चाललंय आणि तीस वर्षांत माझी रेघ सूतभरही हललेली नाही. फुशारकी मारत नाही, फळ्या मोजून बघा.

हत्यारांच्या बाबतीत मी कडक आहे. एका हत्याराची दहा कामं असतात, हे मान्य. पटाशीने खाच पडते, बिजागरी बसते, जुना रंगही खरवडता येतो. रंध्याने फळी गुळगुळीत होते आणि पावसात फुगलेलं दारही वठणीवर येतं. पण प्रत्येक हत्याराचं एक न करायचं कामसुद्धा असतं, आणि माणसं नेमकं तेच आधी करतात. पकडीने खिळे ठोकतात. कानशीचा दांडा करून डबे उचकटतात. माझ्या भावजयीने एकदा माझ्या सगळ्यात चांगल्या पटाशीने रंगाचा डबा उघडला, तेव्हा मी तिच्याशी आठ दिवस बोलले नव्हते. नवव्या दिवशी तिने पटाशीला स्वतः धार लावून आणून दिली. धार वाकडी होती, पण मी बोलायला लागले.

भावाला घरात सगळे बारक्या म्हणतात. बारक्या आता पन्नाशीला टेकलाय आणि शिडीच्या दोन पायऱ्या त्याच्या वजनाने मोडल्यात, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

आमची करवत सात फुटांची आहे, दोन्ही टोकांना आडव्या मुठी. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा. एकाने ओंडक्यावर उभं राहायचं, दुसऱ्याने खाली खड्ड्यात. वरच्याने करवत उचलायची आणि रेघ सांभाळायची, खालच्याने ओढायची. दात खाली जाताना कापतात. म्हणजे मेहनत खालच्याची आणि नाव वरच्याचं. वरून ढकलून काही होत नाही, कारण पातं पातळ असतं, ढकललं की वाकतं. वर मी असते, कारण नजर माझी चांगली आहे. पाय अनवाणी, आणि करवत उचलताना उजवा अंगठा आपोआप वर होतो. खाली बारक्या.

आता कोणी असं लाकूड कापत नाही. पण एका संग्रहालयाला जुन्या जहाजासाठी फळ्या हव्या होत्या, आणि त्यांवर यंत्राचे नाही, हाताच्या करवतीचे वण हवे होते. दोन फूट जाडीचा तांबूस लाकडाचा ओंडका त्यांनीच पाठवला. सहा चिरा, सात फळ्या.

ओंडका आला त्याच दिवशी भावजय शेडच्या दारात येऊन उभी राहिली. हातात दवाखान्याचं मोठं पाकीट होतं.

"ताई, डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवला," ती म्हणाली. "भुसा बसलाय म्हणाले आत. अजून एक वर्ष खड्ड्यात काढलं तर मग आमच्याकडे येऊ नका म्हणाले."

"हा ओंडका शेवटचा."

"मागच्या ओंडक्यालाही हेच ठरलं होतं."

"मागच्या वेळी तो म्हणाला होता. आता मी म्हणतेय. हा झाला की बारक्या खड्ड्यात उतरणार नाही. शब्द आहे माझा."

"तुमच्या शब्दावर मी गप्प बसते, ताई. बाकी कुणाच्या नाही," ती म्हणाली आणि गेली.

बारक्या थांबला की धंदा थांबणार, हे मला ठाऊक होतं. खड्ड्यात उतरायला आज कोण तयार होतं? मला माझा भाऊ जगायला हवा होता आणि ओंडकाही पुरा व्हायला हवा होता. आधी काय, असं कोणी विचारलं असतं तर मी लगेच भाऊ म्हटलं असतं. पण विचारलं कोणी नाही.

२

पहिली चीर चार दिवस चालली. वीस वेळा ओढलं की खालून खोकला सुरू व्हायचा. मी करवत धरून उभी राहायची. खोकला संपला की बारक्या मुठीवर दोनदा टिचकी मारायचा, की पुन्हा वीस. ओंडक्यावर उभं राहून मी त्याचा खोकला मोजत होते, आणि मला फार वाईट वाटत होतं. पण खाली उतर असं मी स्वतःला म्हटलं नाही. रेघ कोण सांभाळणार, हे कारण माझ्याजवळ कायम तयार असायचं.

करवतीवर जोडीदार दिसत नाही. मध्ये दोन फूट लाकूड असतं. तो मुठीतून कळतो. बारक्या ओढायला किंचित उशीर करतो आणि शेवटी मनगट डावीकडे मोडतो. तो झटका मला दर वेळी वरून सावरावा लागतो. डोळे बांधून दहा माणसांच्या हातात करवत दिली तरी त्यातला बारक्या मी सांगेन. मीही त्याला तशीच कळते, वर पोचल्यावर मी देते त्या बारीक उसळीवरून.

मंगळवारी दुसरी चीर सुरू केली. सूत मारलं, ओळंबा सोडून बघितला, करवत लावली. आणि पहिल्याच ओढीला मला बरं वाटलं. उशीर नाही, झटका नाही. सरळ, शांत, भरीव ओढ. वीस झाल्या, चाळीस झाल्या. दोनशेपर्यंत मी मोजलं आणि मग सोडून दिलं. खोकला एकदाही आला नाही. चिरेत पाचर ठोकायला तेवढी मी थांबले. औषध लागू पडलं, मी मनात म्हटलं, आणि देवाला नाही तर डॉक्टरला तरी नमस्कार करायला हवा असं ठरवलं.

साडेबाराला बारक्या वर आला. फडक्यावर भुसा होता, पण सदरा कोरडा होता. तो नळावर हात धुऊन माझ्याजवळ येऊन बसला.

"आज काय खाल्लंस ताई?" तो म्हणाला.

"मी? का?"

"मी नुसता मुठीवर हात ठेवून उभा होतो. करवत आपणहून खाली येत होती. म्हटलं ताईने काहीतरी युक्ती काढली."

"वरून ढकलता येत नाही, बारक्या. हे तुला बोलता यायच्या आधीपासून माहीत आहे."

"म्हणून तर विचारतोय."

आम्ही दोघे हसलो. जेवता जेवता मी कारणं काढली. कानस नवी आहे, दात जास्त लागलेत. लाकूड सुकलंय. करवतीला स्वतःचं वजन असतं. तीन कारणं सापडली की माणसाचं समाधान होतं, माझंही झालं.

३

जेवणानंतर मला माझी पाठ जाणवली. मी जास्त वाकत होते. करवत खाली गेली की वरची मूठ माझ्या मांडीपर्यंत यायला हवी. ती घोट्यापर्यंत जात होती.

मी काम थांबवलं, टेप काढला आणि खडूने हिशेब लिहिला. करवत सात फूट. ओंडका दोन फूट. मूठ माझ्या मांडीशी, म्हणजे ओंडक्यापासून दोन फुटांवर थांबली, तर ओंडक्याखाली तीन फूट करवत उरते. खड्डा सहा फूट खोल. म्हणजे खालची मूठ बारक्याच्या कमरेशी येते. बरोबर. उभ्या माणसाला त्याहून खाली ओढताच येत नाही. पण वरची मूठ घोट्याशी आली, तर खालची मूठ जमिनीपासून जेमतेम सव्वा फुटावर जाते. इतकं खाली आणि इतकं सरळ ओढायचं, तर ओढणाऱ्याला खड्ड्याच्या तळापेक्षा पावणेदोन फूट खाली उभं राहायला हवं.

मी तोच हिशेब पुन्हा केला. टेप चुकत नाही, मोजणारा चुकतो. मी चुकले नव्हते.

"बारक्या," मी वरून हाक मारली. "तू खाली बसून ओढतोस का?"

"उभा आहे की."

"मग हात सोड बघू."

"सोडला."

"दोन्ही?"

"दोन्ही. भिंतीला टेकून उभा आहे. का गं?"

मी करवत उचलली आणि वर धरून ठेवली. एक क्षण काही झालं नाही. मग ती खाली गेली, माझे हात घेऊन गेली, आणि लाकडातून दात फिरल्याचा तो ओळखीचा आवाज आला. मूठ घोट्याशी येऊन थांबली. ती माझ्या उचलण्याची वाट बघत होती. दुसरा शब्द मला सापडत नाही. जोडीदार वाट बघतो तेव्हा मुठीत जो हलका ताण असतो, तोच होता.

शिडी वाजली. बारक्या इतक्या झटपट वर आलेला मी वीस वर्षांत पाहिला नव्हता. शेडच्या बाहेर जाऊन उन्हात उभा राहिला.

मी भ्याले. पण भीती ही काही मोजण्याची वस्तू नाही, म्हणून मी खोरं आणि झाडू घेऊन खाली उतरले. सगळा भुसा भरून वर काढला. खाली विटांचा तळ होता, वडिलांनी बसवलेला. एकेक वीट हातोडीच्या मागच्या बाजूने वाजवून पाहिली. पोकळ आवाज कुठेच नव्हता. फट नव्हती. करवतीची मूठ माझ्या चेहऱ्याशी लोंबत होती, आणि ती फक्त एक मूठ होती. बारक्याच्या हाताने गुळगुळीत झालेली.

४

बुधवारी बारक्याला दवाखान्यात जायचं होतं. भावजय त्याला घेऊन गेली. मी शेडमध्ये एकटी होते.

काम करायचं नाही असं ठरवून आले होते. पण करवत चिरेत तशीच ठेवली की लाकूड तिला धरतं, म्हणून जरा हलवावी एवढाच विचार होता. मी ओंडक्यावर चढले, मूठ धरली, उचलली. ती खाली गेली. मी पुन्हा उचलली.

अशी किती वेळ करवत चालवली ते सांगता येणार नाही. शेडमध्ये ऊन सरकत पलीकडच्या भिंतीवर गेलं. ओढ इतकी चांगली होती. रेघेवर करवत अशी जात होती की मला काही सावरावंच लागत नव्हतं. वडिलांबरोबरही मी इतकं चांगलं काम केलं नव्हतं. दुपारपर्यंत चीर पुरी झाली आणि फळी सुटून बाजूच्या टेकूवर बसली. तिच्यावरचे वण मी बोटाने तपासले. सगळे एकसारखे, एका हाताचे.

संध्याकाळी बारक्याला सांगितलं.

"ताई, फुकट कोणी राबतं का?" तो म्हणाला.

"राबू दे ना. तुझं काय जातंय?"

"तेच तर कळत नाही. माझं काय जातंय."

"तू खाली उतरणार नाहीस, बस. मी शब्द दिलाय तुझ्या बायकोला. ओंडका संपेपर्यंत खोलीत पडून राहा, औषध घे. खाली काय आहे ते मी बघते."

"तू बघितलंस?"

"विटा आहेत," मी म्हणाले.

तो हो म्हणाला. माझं तो कायमच ऐकत आलाय. आम्ही लहान असताना मी त्याला सांगितलं होतं की खड्ड्यात उतरणारा माणूस जास्त शूर असतो, आणि ते त्याने अजून मनात धरलंय.

५

शेडला लागून हत्यारांची खोली आहे. तिची खिडकी शेडमध्ये उघडते. तिथे खाट टाकली, म्हणजे त्याला भुसा लागणार नाही आणि हाक मारली तर मला ऐकू येईल. भावजय दुपारी त्याच्याजवळ येऊन बसायची. तिला मी सांगितलं की करवतीला वजन आणि कप्पी लावलीये, आता एकटीला जमतं. तिला हत्यारांतलं फार कळत नाही, तिने विश्वास ठेवला.

सहा दिवसांत अजून दोन चिरा झाल्या आणि पाचवी सुरू झाली. संग्रहालयाचे चष्मेवाले साहेब फळ्या बघून गेले. त्यांनी वणांवरून हात फिरवला आणि म्हणाले की अशी जोडी आता कुठे मिळत नाही. मी म्हटलं, नाहीच मिळत.

मला अभिमान वाटत होता, हे लपवून काय करू? सकाळी मूठ हातात घेतली की कोणीतरी ती खालून अलगद ताणून धरायचं, बारक्या टिचकी मारायचा तसं. मी त्याला सरावले. खाली वाकून बघायचं नाही, एवढा एकच नियम मी स्वतःला घालून घेतला होता. बघायला काय, विटाच तर होत्या. पण जोडीदाराला कामात असताना निरखू नये, आणि कामात त्याचं काही चुकत नव्हतं.

सहाव्या दिवशी भावजय खोलीतून बाहेर आली आणि ओंडक्याजवळ येऊन उभी राहिली.

"ताई, जरा खाली या."

तिने मला खोलीत नेलं. बारक्या झोपला होता. त्याचा चेहरा आक्रसला होता, गळ्याची हाडं दिसत होती. सहा दिवस खाटेवर पडून माणूस असा होत नाही. भावजयीने त्याचा हात उचलून माझ्यापुढे उलटा केला. तळव्यावर फोड होते. दोन फुटलेले, तीन ताजे, आडव्या मुठीने येतात तिथे. नखांत तांबूस भुसा होता.

"तुम्ही शब्द दिला होता," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं.

"तो उतरला नाही. माझी शपथ. विचार त्याला."

"विचारलं. तोही हेच म्हणतो. मग हे काय आहे, ताई?"

तिने उशीखालून एक रुमाल काढला. त्यावर तो सकाळी खोकला होता. त्यातही तोच तांबूस भुसा होता, ओला, ताजा. या ओंडक्याचा वास मला झोपेतही ओळखता येईल.

माझ्याकडे तीन कारणं नव्हती. एकही नव्हतं.

६

मी काम बंद केलं. करवत पाचव्या चिरेत अर्ध्यावर होती, ती तशीच सोडली. शेडला कुलूप लावलं. संग्रहालयाला फोन करून सांगितलं की उरलेल्या फळ्या मिळणार नाहीत. ते साहेब पुष्कळ बोलले. मी फोन ठेवून दिला.

बारक्याला घरात नेऊन झोपवलं. रात्रभर तो शांत झोपला, भावजयीने तसं सांगितलं. मला वाटलं, सुटलो.

सकाळी साडेआठ वाजता तो खाटेवर उठून बसला आणि त्याचे हात चालू लागले.

दोन्ही हात वर जायचे, डोक्याच्या वरपर्यंत, आणि मग मुठी वळून खाली कमरेशी यायचे. पुन्हा वर. बारक्या जागा होता. आमच्याकडे बघत होता.

"थांबव ना," भावजय म्हणाली.

"मी करत नाहीये," तो म्हणाला.

मी त्याचे हात धरले. माझे हात घेऊन ते खाली गेले. मला ती ओढ कळली. सरळ, शांत, भरीव. आठवडाभर मी तिच्यावर खूश होते.

डॉक्टर आले. त्यांनी इंजेक्शन दिलं, शिरांचा काहीतरी आजार सांगितला, चिठ्ठी लिहिली. इंजेक्शनने डोळे मिटले, हात थांबले नाहीत. साडेबारा वाजता ते आपोआप मांडीवर पडले. जेवणाची सुट्टी. एक वाजता पुन्हा सुरू. संध्याकाळी सहाला बंद. दुसऱ्या दिवशीही तसंच. फोडांचं रक्त अंथरुणावर उडत होतं आणि श्वासाला शिट्टी वाजत होती. तो काही खात नव्हता. भावजय माझ्याशी बोलत नव्हती, आणि हे काही पटाशीचं भांडण नव्हतं.

तिसऱ्या सकाळी तिने तोंड उघडलं.

"अजून दोन दिवस निघणार नाहीत ताई याचे," ती म्हणाली. "काय सुरू केलंत ते तुमचं तुम्ही बंद करा."

७

काम अर्धवट सोडलं ही माझी चूक झाली, असं मी ठरवलं. करवत चिरेत होती तोवर काम चालूच होतं. ती बाहेर काढायला हवी. पातं वरून उपसायचं तर खालची मूठ आधी काढावी लागते. ती पाचरीने बसवलेली असते. पाचर ठोकून काढली की मूठ निघते. दोन मिनिटांचं काम, लहान हातोडी आणि एक जाड खिळा पुरे. बारक्याला मी पुन्हा हत्यारांच्या खोलीतल्या खाटेवर आणवलं, म्हणजे खिडकीतून काय होतंय ते भावजयीला सांगता येईल. साडेनऊ वाजले होते. त्याचे हात चालू होते.

शिडी उतरताना मी पायऱ्या मोजल्या. सात असतात. आठवीवर पाय टेकला तेव्हा मी मोजणं सोडून दिलं.

खाली वाटलं होतं तेवढा अंधार नव्हता. ओंडक्याच्या दोन्ही बाजूंनी उजेड येत होता, भुसा त्यात तरंगत होता. दोन दिवस करवत हलली नव्हती, तरी तरंगत होता. मूठ माझ्या छातीसमोर होती. हातोडी उजव्या हातात घेऊन मी डाव्या हाताने मूठ धरली.

करवत वर गेली.

वर कोणी नव्हतं. मी ओंडक्यावर कोणाला ठेवलं नव्हतं, शेडमध्ये चौथं माणूसच नव्हतं. मूठ माझ्या डोक्याच्या वर जाऊन थांबली. आणि खोलीतून भावजयीचा आवाज आला.

"ताई, थांबले. हात थांबले."

मी मूठ सोडली.

"पुन्हा चालू झाले," ती ओरडली. "काय केलंत?"

मी धरली. "थांबले," ती म्हणाली. तीन वेळा धरून बघितलं, तीन वेळा सोडून बघितलं. कोणत्याही हत्याराची परीक्षा अशीच करतात, आणि तीनदा तेच झालं की शंका ठेवायची नसते. हातोडी मी विटांवर ठेवली आणि दोन्ही हातांनी मूठ धरली. वर ताण होता. कोणीतरी वाट बघत होतं.

मी ओढलं.

तीस वर्षांत पहिल्यांदाच मला कळलं की खालून किती जड असतं. भुसा थेट तोंडावर पडला, डोळ्यांत गेला. फडकं आणलं नव्हतं. मूठ कमरेशी आली तेव्हा वरची मूठ ओंडक्याला टेकल्याचा आवाज आला. म्हणजे मी किती खाली उभी होते, तो हिशेब मी केला नाही. करवत पुन्हा वर गेली. उचलणारा हात पक्का होता. रेघ सूतभर हलत नव्हती. वर पोचल्यावर एक अगदी बारीक उसळी येत होती. ती उसळी कुणाची, हे मला सांगायला कोणी नको होतं.

मी एकदाच वर बघितलं. ओंडक्याच्या कडेला अनवाणी पायाची बोटं दिसली. उजवा अंगठा जरा वर उचललेला. पुढच्या ओढीचा भुसा डोळ्यांत आला, आणि मी मान खाली घातली ती खालीच ठेवली.

किती वेळाने कोण जाणे, शेडमध्ये पावलं वाजली. बाजूच्या फटीतून मला भावजय दिसली. ती ओंडक्याजवळ येऊन उभी राहिली होती. पदराने तोंड पुसलं, आणि मान वर करून ओंडक्यावर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी जीव आला होता.

"झोपला हो तो, ताई," ती वर बघून म्हणाली. "श्वासही मोकळा लागलाय. मला वाटलं तुम्ही खाली उतरलात."

वरून कोणी काही बोललं नाही. करवत उचलली गेली आणि मी ओढली. मला तिला हाक मारायची होती, मी इथे आहे म्हणून सांगायचं होतं. त्यासाठी थांबावं लागलं असतं, आणि मी थांबले की त्याचे हात पुन्हा सुरू झाले असते. पाचवी चीर टोकाला आली होती. मग सहावी राहिली होती, आणि त्यानंतर या ओंडक्यात कापायला काही उरत नव्हतं.

"आपल्या लाकूडवाल्याला निरोप दे," मी खालून म्हणाले. ओढता ओढता जेवढा आवाज निघाला तेवढ्यात. "असाच अजून एक ओंडका पाठव म्हणावं. उद्याच."

तिने पदर खोचला.

"पण हा शेवटचा म्हणाला होतात."

"बारक्यासाठी शेवटचाच."

भावजयीने मान हलवली. ती अजून वरच बघत होती.

"बरं," ती त्या वरच्या बाईला म्हणाली, आणि निरोप द्यायला गेली.